डिकी किती लिटरची? गाडीतील सामानाच्या जागेचा आकडा कसा काढतात, कसा वाचावा

हुबळी-धारवाड : नवी गाडी घेताना किंमत, मायलेज, एअरबॅग, रीसेल या सगळ्याची चौकशी बारकाईने होते. डिकीचा विषय मात्र एका आकड्यावर संपतो. ३५० लिटर, ३८२ लिटर, ४३३ लिटर. आकडा मोठा म्हणजे जागा जास्त, असं आपण धरून चालतो. गाडी घरी आल्यावर पाच जणांचं कुटुंब पंढरपूरला किंवा कोल्हापूरच्या लग्नाला निघालं, की खरा हिशेब कळतो. दोन बॅगा डिकीत जातात, तिसरी मागे बसलेल्यांच्या मांडीवर येते.

यात कंपनीने खोटं छापलेलं असतंच असं नाही. अडचण अशी, की डिकी मोजण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत आणि कोणत्या पद्धतीने मोजलं हे सगळ्याच माहितीपत्रकांत लिहिलेलं नसतं. पद्धत कळल्याशिवाय दोन गाड्यांचे लिटर शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

ठोकळ्यांची जर्मन पद्धत

सर्वात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे व्हीडीए. ही जर्मनीतील वाहन उद्योगाची संघटना. तिच्या पद्धतीत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे टणक ठोकळे वापरतात. लांबी-रुंदी साधारण आपल्या विटेएवढी, जाडी जवळपास निम्मी. असा एक ठोकळा बरोबर १ लिटरचा. डिकीत बसतील तेवढे ठोकळे रचायचे, दार बंद होतं का बघायचं आणि ठोकळे मोजायचे. ३५० बसले तर डिकी ३५० लिटरची. आज हेच काम संगणकावरील आराखड्यातही करता येतं. आयएसओ ३८३२ हे आंतरराष्ट्रीय मानकही अशाच ठोकळ्यांवर उभं आहे.

या पद्धतीचा फायदा असा, की ठोकळा न मावणारे कोपरे आणि वाकडेतिकडे खळगे आपोआप वगळले जातात. मर्यादाही तीच. एक लिटरचा ठोकळा चाकाच्या कमानीशेजारच्या अरुंद जागेत बसतो, आपली सुटकेस तिथे बसत नाही.

बॅगांची अमेरिकन पद्धत

अमेरिकेत एसएई जे११०० हे मानक चालतं. त्यात सेडान गाडीसाठी ठरावीक मापाच्या सुटकेसा, गोल्फची बॅग आणि उरलेल्या जागेसाठी छोटी खोकी धरतात. आकडा घनफुटात येतो. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. मोठ्या वस्तूंनी मोजल्यामुळे त्याच डिकीचा आकडा वेगळा येऊ शकतो. त्यामुळे अमेरिकन आकड्याला २८.३ ने गुणून तो भारतातील आकड्याशी ताडणं बरोबर नाही. तिथे या मोजणीला सरकारी वजनही आहे. प्रवासी आणि सामानाची जागा मिळून १०० ते ११० घनफूट असेल तर गाडी कॉम्पॅक्ट, ११० ते १२० असेल तर मिड-साइज, अशी वर्गवारी तिथली पर्यावरण संस्था करते.

पाणी ओतल्यासारखी मोजणी

तिसरा प्रकार म्हणजे डिकीत पाणी ओतलं तर किती मावेल, असा हिशेब. प्रत्यक्षात पाणी ओतत नाहीत, आकारमान काढतात. यात प्रत्येक खाच, प्रत्येक कप्पा मोजला जातो आणि आकडा ठोकळ्यांपेक्षा मोठा येतो. युरोपात रेनॉ कंपनी दोन्ही आकडे छापते. व्हीडीएचा आकडा घन डेसिमीटरमध्ये आणि दुसरा लिटरमध्ये. गणिताच्या पुस्तकात १ घन डेसिमीटर म्हणजे १ लिटरच. इथे मात्र एककाचं नाव पद्धत वेगळी असल्याची खूण म्हणून येतं.

कुठपर्यंत मोजलं?

पद्धतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे उंची. सेडानची डिकी बंद पेटी असते, तिथे वाद कमी. हॅचबॅक आणि एसयूव्हीमध्ये मात्र मोजणी पार्सल ट्रेपर्यंत केली की छतापर्यंत, यावर आकडा खूप बदलतो. छतापर्यंतचा आकडा खोटा नाही. पण तेवढं सामान भरलं तर मागची काच झाकली जाते आणि ब्रेक मारताच वरची बॅग मागे बसलेल्यांच्या डोक्यावर येण्याची भीती असते. कुटुंबासाठी उपयोगाचा आकडा ट्रेपर्यंतचाच.

तीन रांगांच्या गाड्यांमध्ये सीट उभ्या की पाडलेल्या, हेही बघावं लागतं. मारुती एर्टिगाचं उदाहरण घ्या. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटर, तिसरी रांग पाडली की ५५० लिटर. म्हणजे सात माणसं बसली तर सामानाची जागा स्विफ्टच्या २६५ लिटरपेक्षाही कमी. ‘सात सीटर आणि ५५० लिटर’ या दोन्ही गोष्टी एका वेळी मिळत नाहीत.

इलेक्ट्रिक गाड्यांत पुढच्या बॉनेटखालीही कप्पा येऊ लागला आहे. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या गाडीत मागे ६६३ लिटर आणि पुढे १५० लिटर. अशा वेळी दोन्हींची बेरीज ऐकवली जाते का, हे विचारून घ्यावं. पुढच्या कप्प्यात मोठी सुटकेस जात नाही.

सीएनजीची टाकी किती जागा खाते?

आपल्या भागात सीएनजी गाड्यांची चौकशी वाढली आहे. रोज हुबळी-धारवाड ये-जा करणाऱ्याला इंधनाची बचत दिसते, पण डिकीतली टाकी गावाला जाताना आठवते. साठ लिटरची टाकी म्हणजे साठ लिटर जागा गेली, हा हिशेब चुकीचा ठरतो. टाकीची जाड भिंत, व्हॉल्व्ह, पाइप, पट्टे आणि गोल टाकीच्या भोवतीची वाया जाणारी जागा, हे सगळं त्यात धरावं लागतं.

टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी ३० लिटरच्या दोन टाक्या तळाशी आडव्या बसवल्या आणि वर सपाट फळी दिली. तरीही ३४५ लिटरची डिकी २१० वर आली, म्हणजे १३५ लिटर गेले. पंचमध्ये ३६६ चे २१० झाले, १५६ लिटर गेले. नेक्सॉनमध्ये मात्र ३८२ चे ३२१, फक्त ६१ लिटर गेले. तिन्हीकडे टाक्या मिळून ६० लिटरच्याच. यातला किती फरक डिकीच्या रचनेचा आणि किती मोजणीचा, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणून सीएनजी मॉडेलची डिकी उघडून बघावीच. बाहेरून किट बसवून घेणाऱ्यांसाठी तर कुठल्याच माहितीपत्रकात आकडा नसतो.

नियमांमुळे बदललेली डिकी

डिकी लहान-मोठी होण्यामागे सरकारी नियमही असतात. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांना करसवलत मिळाली. २००८ ची पहिली स्विफ्ट डिझायर त्या मर्यादेपेक्षा लांब होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये गाडी ३९९५ मिलिमीटरवर आणली, तेव्हा डिकी ३१६ लिटर झाली. २०१७ मध्ये ३७८ आणि २०२४ मध्ये ३८२. लांबी तीच ठेवून जागा परत मिळवायला कंपनीला बारा वर्षं लागली, तरी जुना आकडा गाठला गेला नाही. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलातही ४ मीटरची अट कायम आहे.

दुसरा नियम स्टेपनीचा. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्ती किट आणि टायरमधील हवा दाखवणारी यंत्रणा असेल तर प्रवासी गाडीत स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. जागा वाढते, हे खरं. पण रात्री दांडेलीच्या रस्त्यावर टायर फाटला तर किट उपयोगी पडत नाही. स्टेपनी आहे की नाही आणि ती काढायला सगळं सामान खाली उतरवावं लागतं का, हे आधी विचारावं.

आकडा न सांगणाऱ्या गोष्टी

७५ बाय ५० बाय ३० सेंटीमीटरची मोठी सुटकेस सुमारे ११२ लिटरची. ३८२ लिटरच्या डिकीत कागदावर अशा तीन मावतात. प्रत्यक्षात डिकीचं तोंड अरुंद असेल, झाकणाचे वाकडे दांडे आत उतरत असतील किंवा चाकाच्या कमानी आत आल्या असतील, तर दोनवरच थांबावं लागतं. डिकीचा उंबरा किती उंच आहे, हेही लिटरमध्ये दिसत नाही. तांदळाचं पोतं उचलून ठेवणाऱ्याला मात्र तो पहिल्या दिवशीच कळतो. वजनाचंही तसंच. गाडी किती किलो पेलते हा वेगळा आकडा आहे आणि त्यात माणसांचं वजनही धरलेलं असतं.

शोरूममध्ये जाताना

- घरातली सगळ्यात मोठी बॅग, आणि लहान मूल असेल तर त्याची ढकलगाडी सोबत न्यावी. डिकीत ठेवून झाकण लावून बघावं.
- आकडा कोणत्या पद्धतीचा, ट्रेपर्यंतचा की छतापर्यंतचा, सीट उभ्या असतानाचा की पाडल्यावरचा, हे विचारावं.
- बघायला ठेवलेली गाडी पेट्रोल असेल आणि घ्यायची सीएनजी असेल, तर सीएनजी गाडीच दाखवायला सांगावी.
- टेपने तीन मापं घ्यावीत : चाकाच्या कमानींमधील रुंदी, तळापासून ट्रेपर्यंतची उंची आणि तोंडाची रुंदी.
- सांगितलेली माहिती आणि माहितीपत्रक यांत फरक वाटला तर लेखी उत्तर घ्यावं, माहितीपत्रक जपून ठेवावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एवढं बघायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गाडी मात्र आठ-दहा वर्षं वापरायची असते.