इमोबिलायझरची कुळकथा: गाडी मालकालाच का अडवते?

सेल्फ फिरतो, इंजिन पकडते, दोन सेकंद चालते आणि बंद पडते. किंवा सेल्फच फिरत नाही आणि डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा भराभर लुकलुकत राहतो. बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल, प्लग नवे. अशा गाडीत आधी बॅटरी बदलली जाते, मग स्टार्टर, मग पेट्रोलचा पंप, आणि एवढा खर्च होऊनही गाडी जागची हलत नाही. कारण इंजिनात काही बिघडलेलेच नसते. समोरचा माणूस चोर असावा अशी गाडीची समजूत झालेली असते आणि तिने ठरवून नकार दिलेला असतो. हा नकार मोटारीत कसा शिरला हे कळले, की बिघाड कुठे शोधायचा हेही कळते. या इतिहासावरून माझे मत असे झाले आहे, की संशय आला तर गाडीने अडून बसावे हा निर्णय योग्यच होता; चुकले ते अडून बसल्यावर कारण न सांगणे.

विजेने गाडी सुरू होणे हे मुळात सोयीसाठी आले. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर 1912 साली कॅडिलॅकमध्ये बसला आणि हाताने हँडल मारायची गरज संपली. पुढे गाडी किल्लीने सुरू होऊ लागली, तरी कित्येक दशके किल्ली म्हणजे विजेचा एक खटकाच होता. त्याच्या मागच्या तारा ओढून जोडल्या की गाडी ‘डायरेक्ट’ सुरू होई. त्यावर पहिला मोठा उपाय स्टिअरिंग लॉकचा. पश्चिम जर्मनीने तो 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस सक्तीचा केला, आणि अमेरिकेत 1970 च्या सुरुवातीपासून चोरीविरोधी मानक लागू झाले. ही कुलुपे लोखंडाची होती. अडकली तर हाताला कळे, तुटली तर डोळ्यांना दिसे.

खरा फाटा फुटला 1986 मध्ये. जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीच्या पात्यात एक छोटी काळी गोळी बसवली. तिच्या आत विजेचा रेझिस्टर होता. त्याची 15 ठरावीक मूल्ये होती, साधारण 400 ओहमपासून 11,800 ओहमपर्यंत. किल्ली फिरली की कुलपातले दोन स्पर्शबिंदू गोळीला टेकत आणि मोजलेला रोध त्या गाडीच्या ठरलेल्या मूल्याशी ताडून पाहिला जाई. जुळला नाही तर स्टार्टर बंद, इंधनही बंद, तेही काही मिनिटांसाठी. ही मिनिटे मुद्दाम ठेवली होती, म्हणजे एकामागून एक 15 किल्ल्या लावून पाहणाऱ्या चोराचा वेळ संपावा. पण गोळीवर मळ चढला किंवा ती झिजली की मालकही त्याच शिक्षेला पात्र ठरे. शिवाय कुलपापासून स्टिअरिंगच्या नळीतून खाली जाणाऱ्या बारीक तारा किल्लीच्या प्रत्येक फेऱ्याला वाकत आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटत. सिक्युरिटीचा दिवा लागे, पण गोळी, स्पर्शबिंदू की तार हे तो सांगत नसे. जाणकार मिस्त्री मल्टिमीटरने गोळीचा रोध मोजून तेवढाच रेझिस्टर तारांना कायमचा जोडून देत. गाडी सुरू होई आणि संरक्षण संपे.

पुढची पिढी युरोपात वाढली. बर्लिनची भिंत पडल्यानंतर जर्मनीत मोटारचोऱ्या झपाट्याने वाढल्या आणि विमा कंपन्यांनी उत्पादकांमागे तगादा लावला. किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत आता बॅटरी नसलेली चिप आली, ट्रान्सपाँडर. कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कडी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तरच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन आणि ठिणगी सोडतो. ऑक्टोबर 1998 पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना ही यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर, सक्तीची झाली. आजच्या नकाराची कारणे याच रचनेत आहेत: कडी तुटलेली, किल्ली पडून चिप निखळलेली, एकाच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप शेजारी आल्याने उत्तरात गोंधळ, सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब पडल्याने संवाद अर्धवट, किंवा ईसीयू बदलल्यावर त्याला जुनी किल्लीच अनोळखी. रिमोटचा सेल संपला तर रिमोटने दार उघडणार नाही, पण अशा किल्लीतल्या चिपला त्या सेलची गरजच नसते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीतही रिमोट बटणाला किंवा ठरलेल्या जागी टेकवला की बहुतेक वेळा गाडी त्याला ओळखते.

यावर आक्षेप असा, की एवढा जाच सोसून उपयोग काय, चोरांनी हेही फोडलेच. फोडले हे खरे. 2005 मध्ये अमेरिकी संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा 40 बिटांचा गुप्तांक शोधून दाखवला. किल्लीतल्या मेगामॉस या दुसऱ्या चिपच्या त्रुटींवरचा शोधनिबंध तर फोक्सवॅगनने 2013 मध्ये ब्रिटिश न्यायालयातून रोखून धरला. तो प्रसिद्ध व्हायला 2015 उजाडले. तरीही फान ऑर्स आणि फोलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्सची आकडेवारी तपासली, तेव्हा 1995 ते 2008 या काळात इमोबिलायझरमुळे मोटारचोरी सरासरी 40 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. हेच उलट बाजूने दाखवणारा पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. 2015 च्या ह्युंदाई-किया गाड्यांपैकी अवघ्या 26 टक्के मॉडेलांत तो मूळचा होता, इतर कंपन्यांच्या 96 टक्क्यांत. 2021 च्या सुमारास मिलवॉकीपासून सुरू होऊन कितीतरी शहरांत पोरांनी कुलपाचा भाग काढून यूएसबीच्या टोकाने त्या गाड्या पळवल्या, आणि 2023 मध्ये सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर करावी लागली. प्रयोगशाळेत कुलूप फुटणे वेगळे आणि रस्त्यावर कुलूपच नसणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाडीने कारण सांगितले तर ते चोरालाही कळेल. मला हे पटत नाही. कुलपाची ताकद किल्लीच्या गुपितात असावी, यंत्राच्या गुपितात नसावी, हे गुप्तलेखनाचा अभ्यासक ऑग्यूस्त केर्कहॉफ्स 1883 मध्येच सांगून गेला. ‘चिप वाचता आली नाही’ एवढे पडद्यावर आले तर चोराला काही नवे मिळत नाही. त्याच्याकडे चिप नाही हे त्याला ठाऊकच असते. मालकाचे मात्र भलत्याच दुरुस्तीचे पैसे वाचतात. माहिती गाडीत असतेच. स्कॅनर लावला की अनेक गाड्यांत कोड दिसतो. तो बघण्यासाठी गाडी टो करून न्यावी लागते, हा तिढा रचनाकारांनी केलेला आहे आणि तो त्यांनीच सोडवायला हवा.

तोवर मालकांनी एवढे करावे. गाडी अडली की सुटे भाग बदलण्याआधी किल्लीचा दिवा पाहा, जुडग्यातून बाकीच्या किल्ल्या काढा आणि दुसरी किल्ली लावा. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीतला. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.