आसाला बांधलेली पट्टी

हब मोटर बसवलेली सायकल दुरुस्तीला आली की गिऱ्हाईक आधी बॅटरी दाखवतं. मी खाली बसतो आणि आसाचं टोक बघतो. आसाच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसलेली, दुसऱ्या टोकाला चाक धरणाऱ्या चिमट्याशी बांधलेली पोलादाची पट्टी तिथं असायला हवी. तिला टॉर्क आर्म म्हणतात. बहुतेक वेळा ती नसतेच. कुणाला सांगावं तर उत्तर येतं, "हे काय नवीन काढलंत?" नवीन नाही हो. सव्वाशे वर्षांच्या घरातली गोष्ट आहे.

साध्या सायकलीत आस नुसता पडून असतो. चाक त्याच्याभोवती फिरतं, त्याला पिळायला कुणी नसतं. पण चाकाच्या पोटात ब्रेक किंवा मोटर घातली की गणित बदलतं. मोटर चाकाला पुढं ढकलते तेव्हा तेवढ्याच जोरानं आसाला मागं पिळते. 1895 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डन बोल्टन यांना विजेच्या सायकलीचं पेटंट मिळालं. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच होती आणि गिअर एकही नव्हता. 10 व्होल्टवर ती 100 अँपिअरपर्यंत करंट ओढेल असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणजे किलोवॅटभर! तेव्हाच्या बॅटऱ्यांना ते झेपणारं नव्हतं, आणि ती कल्पना शतकभर कागदावर राहिली.

आसाचा हा पीळ सायकलवाल्यांना प्रत्यक्ष भेटला तो ब्रेकमुळे. पायडल उलटं मारलं की हबच्या आतून लागणारे ब्रेक त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत निघाले. जर्मनीत फिश्टेल आणि साक्स यांच्या कारखान्यानं 1903 मध्ये ‘टॉर्पेडो’ हब आणला. या हबांना एका बाजूला पट्टी असायची आणि ती चौकटीच्या नळीला पट्ट्यानं आवळायची. ती सुटली तर ब्रेक लागायच्या ऐवजी आसच फिरणार. इंग्लंडात स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबला जोर कमी, म्हणून तिथं दात असलेल्या वायसरवर भागलं. तो दात चिमट्याच्या खाचेत बसतो आणि आसाला फिरू देत नाही.

आपल्याकडं मात्र हे ज्ञान सायकलीच्या दुकानात रुजलंच नाही. आमच्या पुण्यात सायकली मुबलक होत्या, पण त्या सळीच्या ब्रेकच्या. रबर रिमवर घासलं जातं, आसाला त्याचं सोयरसुतक नसतं. आस काढा, वंगण भरा, गोळ्या बदला, नट आवळा, संपलं. उलट शेजारच्या गॅरेजातल्या पोराला हे पाठ असायचं. मोटरसायकलच्या मागच्या ड्रम ब्रेकची प्लेट एका दांड्यानं चौकटीला बांधलेली असते आणि त्या दांड्याचा बोल्ट राहिला तर चाक जाम होतं, हे तो पहिल्याच वर्षी शिकायचा. एकाच गल्लीतली दोन दुकानं, पण ही विद्या एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेली नाही.

मग हब मोटर परत आली. 1980 च्या दशकात निओडिमियमची ताकदवान चुंबकं निघाली, नियंत्रक स्वस्त झाले आणि चीननं विजेच्या सायकलींचा धडाका लावला. 1999 च्या तिथल्या मानकात 240 वॅट आणि ताशी 20 किलोमीटर ही मर्यादा होती. जाड पोलादी चौकटीत एवढ्या जोराला नुसते नट आणि दाताचं वायसर पुरायचं. घोळ झाला तो हीच मोटर सुट्या किटमधून जगभर गेली आणि लोकांनी ती ॲल्युमिनियमच्या चिमट्यात घालून दुप्पट करंटवर पळवली तेव्हा.

हिशेब सोपा आहे. या मोटरींचा आस 12 किंवा 14 मिलिमीटरचा, आणि चपट्या बाजूंमधलं अंतर 10 मिलिमीटर. 40 न्यूटन-मीटरचा पीळ धरा, मध्यम मोटरही तेवढा देते. तो 10 मिलिमीटरवर तोलायचा म्हणजे खाचेच्या कडांवर 400 किलोच्या आसपास दाब येतो. तोच पीळ 10 सेंटिमीटरच्या पट्टीनं चिमट्यावर नेला की टोकाशी 40 किलो उरतात. पोलादी खाच आधी पसरते, निदान डोळ्यांना दिसते. ओतीव ॲल्युमिनियमची सरळ तडकते. मग आस गरकन फिरतो, त्याच्यातून बाहेर आलेल्या वायरी पिळून तुटतात आणि पुढचं चाक असेल तर ते निसटतं.

परदेशातल्या हौशी लोकांनी यावर पहिला उपाय केला तो 10 नंबरच्या पान्याचा. पान्याचं तोंड आसावर आणि दांडा होज क्लिपनं चिमट्याला. मला हा जुगाड मनापासून आवडतो, कारण पान्याचं पोलाद चांगलं असतं आणि मापही नेमकं. पुढं कॅनडात व्हँकुव्हरच्या ग्रिन टेक्नॉलॉजीज या कंपनीनं स्टेनलेस पोलादाचे तयार आर्म विकायला आणले.

निवडताना मी जाडीच्याही आधी फट बघतो. पट्टी आसावर हातानं सैल हलत असेल तर ती परत. फटीत आसाला वेग मिळतो आणि तो हातोडीसारखा आदळतो. ब्रेक मारताना बॅटरीत वीज परत भरणारी मोटर असेल तर पीळ दोन्ही दिशांनी येतो. तिथं बोल्टनं आवळून आसाला चिमटणारी पट्टीच घ्यावी. पुढच्या ॲल्युमिनियम चिमट्यात तर शक्यतो मोटर बसवूच नये. बसवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना पट्टी हवी. वायसर खाचेच्या खोलगट भागात तिरकं बसत नाही ना, तेही बघा, कारण तिरक्या वायसरवर आवळलेला नट आठवडाभरात ढिला पडतो. एका बाजूचा नट पिळानं आपोआप सुटायलाच बघत असतो.

किट स्वस्तात देणाऱ्याला पट्टीबद्दल विचारा. "250 वॅटला लागत नाही," असं तो म्हणेल. पोलादी चौकट आणि मागचं चाक असेल तर त्याचं म्हणणं एकवेळ चालेल. पुढच्या चाकासाठी ते ऐकू नका. पट्टी घेऊनच सायकल दुकानात आणा.