संदर्भनोंदीची परंपरा आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म'

एखादे वचन कोठून आले, ते कोणी सांगितले आणि मूळ ग्रंथात ते कोणत्या ठिकाणी सापडते, हे प्रश्न आधुनिक विद्यापीठांनीच प्रथम उपस्थित केले, असा एक समज आहे. बौद्ध परंपरेचा इतिहास पाहता तो टिकत नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील आनंद चेतियातील उपदेश आला आहे. त्यात भगवंतांनी चार महापदेस सांगितले. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी प्रत्यक्ष तथागतांकडून ऐकले. दुसरा म्हणेल की थेरांसह असलेल्या संघाकडून ऐकले. तिसरा अनेक बहुश्रुत थेरांचे आणि चौथा एकाच थेराचे नाव सांगेल. सांगणारा कितीही थोर असो, ऐकताक्षणी त्या वचनाचे अभिनंदनही करू नये आणि त्याचा धिक्कारही करू नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. जुळले तर स्वीकारावे, न जुळल्यास सोडून द्यावे. व्यक्तीच्या अधिकारापेक्षा पडताळणीला अधिक मान देणारा हा दंडक संदर्भशास्त्राचा पायाच होय.

याच दृष्टीने सम्राट अशोकाचा बैराट येथे सापडलेला शिलालेख अभ्यासण्यासारखा आहे. संघाला उद्देशून कोरलेल्या या लेखात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपर्याय नावानिशी दिले आहेत. त्यांतील शेवटच्या नावाकडे लक्ष द्यावे. राहुलाला केलेला उपदेश, एवढेच लिहून अशोक थांबत नाही. मृषावादाविषयी भगवान बुद्धांनी केलेला उपदेश, असे तो स्पष्ट करतो. राहुलाला उद्देशून केलेले उपदेश एकाहून अधिक आहेत. नुसत्या नावाने वाचकाचा घोटाळा होईल, म्हणून विषय जोडून नेमके स्थळ दाखविले आहे. मज्झिमनिकायातील एकसष्टावे सुत्त ते हेच, हे त्यामुळेच आज निश्चितपणे सांगता येते. या सात नावांचा पालि वाङ्मयात शोध घेणाऱ्यांत गोव्याचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी हे प्रमुख होते. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९१२ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची नोंद नेमकी होती, म्हणून तिचा माग लागू शकला.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या संदर्भांचा इतिहास पाहिला पाहिजे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि १९५७ साली ग्रंथ प्रकाशित झाला. त्यात तळटीपा वा आधारग्रंथांची स्थळे नव्हती. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली प्रस्तावनाही त्या आवृत्तीत आली नाही. आपण मौलिकतेचा दावा करीत नसून सामग्री अनेक ग्रंथांतून जमविली आहे, असे त्यांनी तीत नमूद केले होते आणि अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा आवर्जून उल्लेख केला होता. ही कबुली वाचकांपुढे नसल्याने टीकाकारांना मोकळे रान मिळाले. १९५९ साली 'महाबोधी' नियतकालिकात आलेल्या परीक्षणात ग्रंथावर कठोर टीका झाली. हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे, हा आक्षेप पुढे अनेक मुखांनी ऐकू येऊ लागला. नवदीक्षित समाज ज्या ग्रंथाचे श्रद्धेने वाचन करीत होता, त्याच्या प्रामाण्याचाच हा प्रश्न होता.

या आक्षेपाला भदंत आनंद कौसल्यायन यांनी दिलेले उत्तर वादविवादाचे नव्हते, परिश्रमाचे होते. ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यांनी मूळ पालि ग्रंथांतील स्थळे शोधून काढली. हा अनुवाद १९६१ साली प्रकाशित झाला. पुढे महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाचा अकरावा खंड म्हणून १९९२ साली मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९९५ साली वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पुरवणी खंड आला. त्यात पालि व अन्य आधारांचे संकलन आणि सूची आहे. २०११ साली आकाश सिंग राठोड व अजय वर्मा यांनी संपादित केलेली चिकित्सक आवृत्ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढली. ग्रंथाला संदर्भ जोडण्याचे हे कार्य अशा रीतीने अर्धशतक चालले.

संदर्भ सापडल्याने काय साधते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा मांडला. धम्मपद अट्ठकथेत हा तंटा येतो. परंतु तेथे तो संबोधीनंतरचा असून तो मिटविणारे स्वतः बुद्ध आहेत. दुसरीकडे सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात, ९३५व्या गाथेपासून, परस्परांशी झगडणारी माणसे पाहून उपजलेला संवेग बुद्ध स्वमुखाने सांगतात. याच सुत्ताचा आधार कोसंबींनी १९४० साली आपल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात गृहत्यागाच्या कारणासाठी घेतला होता. म्हणजे प्रसंग अट्ठकथेतला, त्याचा आशय सुत्तातला आणि दोहोंची जुळणी बाबासाहेबांची, असे दिसते. 'सारे काल्पनिक आहे' असे म्हणणारा टीकाकार येथे खोटा ठरतो. पण 'सारे जसेच्या तसे तिपिटकात आहे' असे म्हणणारा अनुयायीही चुकतो. ग्रंथकाराने काय निवडले, काय हलविले आणि का, हे कळल्यावरच त्याच्या प्रज्ञेचे मोल कळते.

आज हे काम करण्यासाठी संगणकावरील साधने उपलब्ध आहेत. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली निघालेले झोटेरो हे त्यांपैकी एक असून ते विनामूल्य मिळते. ग्रंथाचा आयएसबीएन क्रमांक दिला की नोंद बहुधा आपोआप भरली जाते. परंतु आपल्या चळवळीतील कितीतरी जुनी पुस्तके, पुस्तिका व नियतकालिके या क्रमांकाविना छापलेली आहेत. त्यांची नोंद हातानेच केली पाहिजे. यंत्राला न सापडणारे पुस्तक अभ्यासातून वगळले जाणे हे आपल्या इतिहासाचे नुकसान आहे.

नोंद करताना काही पथ्ये पाळावीत. लेखक, संपादक व अनुवादक यांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. हिंदी अनुवादाची नोंद करताना कौसल्यायन अनुवादक म्हणूनच यावेत. लेखकाचे नाव एकदा देवनागरीत व एकदा रोमन लिपीत घातल्यास एकाच व्यक्तीची दोन माणसे होतात; म्हणून एक पद्धत ठरवावी. मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि हाती असलेल्या आवृत्तीचे वर्ष, दोन्ही लिहावीत. पालि ग्रंथांसाठी केवळ पृष्ठांक पुरत नाही. १८८१ साली स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीची पृष्ठे वेगळी आणि भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून निघालेल्या देवनागरी तिपिटकाची वेगळी. सुत्ताचा वा गाथेचा क्रमांक दिल्यास कोणत्याही आवृत्तीत स्थळ सापडते. 'द बुद्ध अँड हिज धम्म'लाही हेच लागू आहे. त्याची रचना खंड, भाग, प्रकरण आणि क्रमांकित विधाने अशी असल्याने या क्रमाने दिलेला संदर्भ सर्व आवृत्त्यांत आणि अनुवादांत उपयोगी पडतो.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य असे की, जे स्थळ स्वतः उघडून पाहिले नाही, ते पाहिल्यासारखे नोंदवू नये. दुसऱ्याच्या लेखातून उचललेला संदर्भ तसाच लिहिला, तर त्याची चूकही आपल्या नावावर पुढे जाते. यंत्र नोंद जपून ठेवते, ती पडताळून पाहत नाही. वचन ऐकून लगेच स्वीकारू नये व लगेच नाकारूही नये, हा भोगनगरचा दंडक आपल्या तरुण अभ्यासकांनी प्रत्येक नोंदीला लावला, तर बाबासाहेबांच्या ग्रंथावरील आक्षेपांना घोषणेने उत्तर देण्याची वेळ येणार नाही. सुत्ताचा क्रमांक दाखविणे पुरेसे होईल.