सरकारी नोकरी आणि आपला समाज : चौतीस वर्षांचा हिशेब

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, आणि संपादक मंडळाने आम्हाला इतिहासावर काहीतरी लिहा असा आग्रह केला. आम्ही काही प्राध्यापक नाही. मिलमधल्या पाळ्या करून जे वाचले आणि जाणत्या माणसांकडून जे ऐकले, त्यातले जे पक्के आहे तेवढेच लिहीत आहोत. आज वस्तीतल्या लेकरांना वाटते की राखीव जागा पहिल्यापासून होत्याच. त्या आल्या कशा आणि बौद्ध म्हणून आपल्यासाठी त्यातल्या निम्म्या चौतीस वर्षे बंद का होत्या, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सरकारचे काम आपल्या समाजाला नवे नाही. निजामाच्या राज्यात गावोगाव आपली माणसं सरकारचेच काम करत होती. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचे, सारा नेताना सोबत जायचे, साहेब आला की त्याचा घोडा धरायचा, शिवेचा वाद निघाला की खूण दाखवायची. पण या कामाला पगार नव्हता. बलुतं आणि मागून आणलेली भाकर. कचेरीच्या उंबऱ्यापर्यंत आपला माणूस पोचत होता, आत त्याला जागा नव्हती. आतला कारभार उर्दूत चाले, आणि आपल्याला तर मराठी अक्षरसुद्धा शिकू दिले नव्हते.

हा दरवाजा पहिल्यांदा उघडला तो आपल्या मराठवाड्यात नव्हे, कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा संस्थानच्या कारभारात ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. त्या वेळी महाराज विलायतेत होते. हुकूम निघाल्यावर केवढी ओरड झाली असेल ते वाचकांनीच समजून घ्यावे.

पुढे प. पू. बाबासाहेब १९४२ साली व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. बडोद्याच्या नोकरीत ज्यांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते, तेच बाबासाहेब आता सरकारच्या आत बसले. त्यांनी लगेच अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. आय.सी.एस.मध्ये सबंध देशात अस्पृश्यांपैकी फक्त एक अधिकारी होता, हे त्यांनी आकड्यानिशी मांडले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ साली त्या १२½ टक्के झाल्या. पण हे हुकूम इंग्रजी मुलखातले, निजामाच्या मुलखाला ते लागू नव्हते. आपल्या भागाला स्वातंत्र्यच १७ सप्टेंबर १९४८ ला मिळाले. राखीव जागेवर बसायला आधी मॅट्रिक झालेला माणूस लागतो, तोच आपल्याकडे नव्हता. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले ते याचसाठी. मराठवाड्यातली आपली पहिली शिकलेली पिढी बहुतेक मिलिंदच्याच अंगणातली.

आता मुख्य मुद्दा. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले, कलम १६ (४) ने राखीव जागांना आधार मिळाला. अनुसूचित जाती कोणत्या, हे मात्र राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने ठरले, आणि त्यातच एक पाचर होती : हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. पंजाबातल्या काही शीख जातींनाच तेवढी सूट होती. १९५६ साली ती सगळ्या शिखांना मिळाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातले. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिन्यांत एवढे सगळे घडले. मेलेली ढोरं ओढणं सुटलं, देव्हाऱ्यातले देव नदीला गेले, आणि कागदावर आपण अनुसूचित जातीचे राहिलो नाही.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने त्याच साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू केल्या, हे उपकाराने नव्हे पण न्यायाने नोंदवले पाहिजे. त्यामुळे तलाठी, शिक्षक, एस.टी. ही दारे उघडली. केंद्राची मात्र बंदच राहिली. रेल्वे, पोस्ट, टेलिफोन, पुढे सरकारी झालेल्या बँका, कुठेच बौद्ध लिहिणाऱ्याला राखीव जागा नाही. शाळेत नाव घालताना घराघरांत एकच प्रश्न पडायचा : दाखल्यावर काय लिहायचं? कुणी ‘हिंदू महार’ लिहिले आणि घरात त्रिसरण म्हटले. कुणी ‘बौद्ध’ लिहिले आणि रेल्वेचा अर्ज बाजूला ठेवला. आपल्यात अजूनही पहिल्याला भित्रा आणि दुसऱ्याला अव्यवहारी म्हणणारे आहेत. आम्हाला दोन्ही पटत नाही. पोटाला आणि धम्माला एकमेकांसमोर उभे करण्याचे काम त्या आदेशाने केले, आपल्या बापजाद्यांनी नव्हे. तरीसुद्धा १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते, ते १९६१ ला सुमारे २७ लाख ९० हजार झाले. नोकरी जाईल हे माहीत असून लोकांनी ते लिहिले.

दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला. तो भूमिहीनांचा म्हणून सगळ्यांना आठवतो, पण बौद्धांना सवलती द्या ही मागणीही त्यात होती. लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात बायकाही होत्या, तान्ह्या लेकरांसकट. तरी दिल्ली हलली नाही.

इकडे राज्याच्या नोकऱ्यांत आपली काही पोरं लागली, तेवढ्यानेही गावोगाव पोटदुखी सुरू झाली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. राग विद्यापीठाच्या नावाचा दाखवला, पण आमच्या मते खरा राग होता तो खुर्चीवर बसलेल्या तलाठ्याचा आणि मास्तरचा.

शेवटी १९९० साली, व्ही. पी. सिंगांचे सरकार असताना, संसदेने कायदा करून ‘हिंदू, शीख’ याच्यापुढे ‘बौद्ध’ हा शब्द घातला. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षे. छप्पन्न साली जन्मलेल्या बौद्ध पोराचे नोकरीचे वय त्यात निघून गेले. त्या वर्षांची भरपाई कुठल्याही अनुशेषात मोजलेली नाही.

आज राज्यात अनुसूचित जाती आणि बौद्ध मिळून १३ टक्के, केंद्रात १५ टक्के. पण ती टक्केवारी पदांवर लागते. पदच नसेल तर तेरा टक्के कशाचे? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा निर्णय काढला होता. फार ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात मागे घेतला. तरी कंत्राटावर माणसं घेणे थांबलेले नाही, आणि कंत्राटदाराच्या यादीला बिंदुनामावली नसते. आम्हा मिल कामगारांना हे नवीन नाही. मुकादमाच्या मनात येईल तो कामावर, आणि उद्या तोच घरी.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ ला राज्यांना अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला मुभा दिली. मातंग बांधव विचारतात, या तेरा टक्क्यांतून आमच्याकडे किती आले? आपल्या सभांमधून हा प्रश्न आपल्यात फूट पाडायला काढला आहे म्हणून उडवून लावतात. तसा हेतू कुणाचा असेलही. पण १९४२ साली बाबासाहेबांनी इंग्रजांना हाच प्रश्न विचारला होता, आणि तो आकडे देऊन विचारला होता. आपणही आकडे मागावेत, आणि ते आपल्याला अडचणीचे निघाले तरी मांडावेत.

जाता जाता एक कामाचे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि केंद्राच्या यादीत ‘बौद्ध’ ही जात नाही, तिथे मूळ जात लिहिलेलीच लागते. आपले आजे-पणजे शाळेत गेले नाहीत, तेव्हा शाळेची नोंद कुठून मिळणार? पण कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत, निजामाच्या काळच्या उर्दू कागदात नाव सापडू शकते. ज्यांच्या घरी असा जुना कागद आहे, वाचता येत नाही म्हणून तो टाकून देऊ नका, विहारात घेऊन या. उर्दू वाचणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडून वाचून घेऊ.