घटस्फोट, परस्परसंमतीने

पतिपत्नींनी विवाहबंधनातून मुक्त होण्याचा निर्णय एकमताने घेऊन, परस्परांवर दोषारोप न करता, संयुक्त अर्जाद्वारे न्यायालयाकडून मिळविलेला विवाहविच्छेद. इतर प्रकारच्या घटस्फोटात व्यभिचार, क्रूरता, परित्याग यांसारखे कारण एका पक्षाला सिद्ध करावे लागते. येथे तशी आवश्यकता नसते. मात्र दोघांची संमती हीच केवळ पुरेशी मानली जात नाही. ती मुक्त व विचारपूर्वक दिलेली आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार समाजाने वा राज्यसंस्थेने नेहमीच आपल्याकडे ठेवला आहे.

धर्मशास्त्रकारांनी विवाह हा संस्कार व म्हणून अविच्छेद्य मानला. कौटिल्याने मात्र आपल्या अर्थशास्त्रात पतिपत्नींमध्ये परस्परद्वेष असेल, तर विवाहातून मोक्ष मिळू शकतो, असे सांगितले आहे. एकाची इच्छा नसताना दुसऱ्याला तो मिळत नाही, अशी मर्यादाही त्याने घातली. ब्राह्मादी चार धर्म्य विवाहांना ही सवलत नव्हती.

शास्त्रात नसलेली ही सोय रूढीत मात्र टिकून होती. महाराष्ट्रातील अनेक जातींत सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड या नावांनी घटस्फोट होत असत. पंचांसमक्ष काडी मोडणे हे संबंध तुटल्याचे चिन्ह समजले जाई व त्यानंतर स्त्रीला पाट लावता येई. आर्थर स्टील याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनमधील जातिरूढींच्या संग्रहात अशा प्रथांची नोंद आढळते. ब्रिटिश अमदानीत या रूढी न्यायालयांपुढे आल्या. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये अमान्य केला. उभयतांच्या संमतीने घटस्फोट देणारी रूढी अनैतिक नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने १८९४ मध्ये ठरविले. याउलट, ठराविक रक्कम देऊन दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध विवाह मोडू देणारी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने १९१५ मध्ये अवैध मानली.

जेथे अशी रूढी नव्हती, तेथे पतिपत्नींचे एकमत झाले तरी सुटका नव्हती. बालपणी झालेला विवाह रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी नाकारला, तेव्हा पतीने १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. पतीकडे जावे, अन्यथा कारावास भोगावा, असा आदेश न्यायालयाने १८८७ मध्ये दिला. पुढील वर्षी दोन हजार रुपये घेऊन पतीने हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. वाद मिटला, परंतु तडजोडीला घटस्फोटाचे रूप देईल असा कायदा त्यांच्यासाठी नव्हता.

विधिमंडळाच्या मार्गाने सुधारणा सावकाश झाली. बडोदे संस्थानात १९३१ मध्ये व मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचे कायदे झाले. विशेष विवाह अधिनियम, १९५४ याच्या कलम २८ ने परस्परसंमतीचा घटस्फोट मान्य केला. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ यात मात्र ही तरतूद नव्हती. उलट, पक्षकारांनी संगनमताने दावा लावलेला नाही, अशी न्यायालयाची खात्री होणे त्यात आवश्यक ठरविले होते. परिणामी, विभक्त होण्याबाबत ज्यांचे एकमत झाले होते, त्यांना ते एकमतच लपवावे लागे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची शिफारस केली. विवाह कायदे (सुधारणा) अधिनियम, १९७६ याने हिंदू विवाह अधिनियमात कलम १३-ब घातले आणि ते पूर्वी झालेल्या विवाहांनाही लागू केले.

या कलमानुसार पतिपत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असली पाहिजेत, त्यांना एकत्र राहणे अशक्य झालेले असले पाहिजे व विवाहविच्छेदाबाबत त्यांचे एकमत असले पाहिजे. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांनंतर, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयास विनंती करावयाची असते. मधला काळ पुनर्विचारासाठी असतो. या काळात एकाने संमती मागे घेतल्यास काय, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. ती एकतर्फी मागे घेता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा वाद मिटविला. त्या प्रकरणातील पत्नीचे म्हणणे असे होते, की तिची संमती दडपणाखाली घेण्यात आली. हुकूमनामा होईपर्यंत संमती कायम असली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. तसेच एकाच छपराखाली राहूनही पतिपत्नी विभक्त असू शकतात, हे स्पष्ट केले. सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली आपण ती मुदत वगळू शकतो, हे घटनापीठाने २०२३ मध्ये मान्य केले.

इतर समाजांत ही तरतूद वेगवेगळ्या काळी आली. मुस्लिम विधीत ‘मुबारात’ हा उभयपक्षी संमतीचा घटस्फोट पूर्वापार मान्य आहे. पोर्तुगालमधील प्रजासत्ताकाच्या १९१० च्या घटस्फोट कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद होती. तो गोव्यासही लागू झाला. पारशी कायद्यात १९८८ मध्ये व ख्रिस्ती धर्मीयांच्या १८६९ च्या अधिनियमात २००१ मध्ये तशी कलमे घालण्यात आली. शेजारच्या गोव्यात उपलब्ध असलेला हा मार्ग मुंबईतील ख्रिस्ती दांपत्यास सुमारे नव्वद वर्षांनी मिळाला.

व्यवहारात संयुक्त अर्जासोबत पोटगी, स्त्रीधन, निवास व अपत्यांचा ताबा यांविषयीच्या अटी जोडल्या जातात. संमतीचे खरे स्वरूप बहुधा या अटींतूनच कळते. उपजीविकेचे साधन नसलेली स्त्री लवकर सुटका व्हावी म्हणून हक्क सोडून देते, तेव्हा कागदावरील एकमत हे समान पातळीवरचे असतेच असे नाही. संमती बळजबरीने, कपटाने किंवा गैरवाजवी दडपणाने मिळविलेली नाही, याची खात्री करून घेण्याचे कर्तव्य हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ ने न्यायालयावर सोपविले आहे. मुदत माफ करण्याचा अधिकार जसजसा विस्तारत आहे, तसतसे या कर्तव्याचे महत्त्व वाढत आहे.