अडकलेल्या टपालाची मिती

पहिला कागद जेमतेम दोन ओळींचा. तारीख १ जानेवारी २०२२, वार शनिवार. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजची २०१६ किंवा २०१९ची आवृत्ती ज्या कंपन्यांनी स्वतःच्या जागेत बसवली होती, त्यांच्या मेल सर्व्हरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये तो सापडतो. इव्हेंट क्रमांक ११०६. मालवेअर तपासणारी प्रक्रिया सुरू होऊ शकली नाही, एवढे तो सांगतो. जोडीला क्रमांक ५३००ची नोंद आहे. २२०१०१०००१ याचे ‘लाँग’मध्ये रूपांतर करता येत नाही, असे तिच्यातून कळते. एका बिघाडाचा सगळा इतिहास या दहा अंकांत आहे, पण तो वाचायला मागे-पुढे असे दोन्हीकडे जावे लागते.

त्या दिवशी सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाने मात्र ही ओळ आधी पाहिली नसणार. त्याला आधी रांग दिसली असणार. एक्स्चेंजमध्ये आलेला किंवा जाणारा प्रत्येक मेल वाहतूक सेवेच्या रांगेतून जातो आणि तिथेच त्याची मालवेअरसाठी तपासणी होते. तपासणारे इंजिनच कोसळले, तर मेल नाकारला जात नाही, हरवतही नाही. तो रांगेत थांबतो. पाठवणाऱ्याला वाटते मेल गेला, घेणाऱ्याला वाटते कुणी पाठवलाच नाही. सर्व्हर चालू, डिस्कमध्ये जागा, नेटवर्क ठीक, आणि रांगेतला आकडा वाढतच चाललेला. छोट्या कंपनीत हे सगळे एकटा माणूस पाहतो, आणि त्याचा पहिला उपाय ठरलेला असतो: सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. इथे त्याने काही साधणार नव्हते. इंजिन उठले की तोच आकडा वाचायचे आणि तिथेच पुन्हा पडायचे.

आता तो आकडा. २२, ०१, ०१ आणि मग ०००१, असे तुकडे पाडले की तो उलगडतो: सन २०२२, महिना पहिला, तारीख पहिली, त्या दिवसाचा पहिला क्रमांक. मालवेअरच्या खुणांच्या प्रत्येक नव्या संचाला अशा मितीवरून नाव दिले जात होते. माणसाच्या दृष्टीने ही मिती आहे. यंत्राने ती संख्या म्हणून वाचली: दोन अब्ज वीस कोटी दहा लाख दहा हजार एक.

विंडोजवर ‘लाँग’ म्हणजे ३२ बिटांची जागा. एक बिट चिन्हाला जातो, उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. आदल्या दिवसाचे, ३१ डिसेंबर २०२१चे, पहिले नाव २११२३१०००१ झाले असते. ते या मर्यादेच्या ३ कोटी ५१ लाखांनी आत राहते. एक दिवस उलटला आणि आकडा मर्यादेपलीकडे ५ कोटी ३५ लाखांनी गेला. मितीच्या हिशेबात एक दिवस, संख्येच्या हिशेबात बरोबर ८ कोटी ८७ लाखांची उडी. सर्वांत डावीकडचे वर्षाचे अंक २१वरून २२वर गेले, म्हणून ती एवढी मोठी. या इंजिनाच्या फायली ज्या फोल्डरमध्ये असतात त्याच्या नावातच ६४ आहे, आणि तरीही त्यांच्या आवृत्तीचा क्रमांक ३२ बिटांच्या जागेत घातला जात होता. विंडोजने ६४ बिटांकडे जाताना ‘लाँग’ची लांबी ३२च ठेवली होती. म्हणून फोल्डरच्या नावावरून आतल्या जागेचा अंदाज बांधू नये.

दुसरा कागद म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज गटाचे त्याच दिवसाचे निवेदन. नव्या वर्षाबरोबर मितीची तपासणी फसली, खुणांच्या फायलीची आवृत्ती पडताळताना इंजिन कोसळते, आणि हा सुरक्षेचा प्रश्न नाही, असे ते म्हणते. कर्त्याने स्वतःच्या कृतीविषयी केलेले विधान मी सहसा जपून वापरतो. हे मात्र ग्राह्य धरतो, कारण लॉगची ओळ त्याची स्वतंत्रपणे साक्ष देते: ती रूपांतराची तक्रार करते, विषाणू सापडल्याची नाही.

उपायही लिखित आहे. गाळणी आणि वाहतूक या दोन सेवा थांबवायच्या, इंजिनचे फोल्डर पुसायचे, सेवा सुरू करून खुणा नव्याने उतरवायच्या. किंवा हेच सगळे करणारी तयार स्क्रिप्ट प्रत्येक सर्व्हरवर चालवायची. तोवर ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांनी तपासणीच बंद ठेवली आणि टपाल सोडले. दोन्ही मार्गांत कुणीतरी सुटीच्या दिवशी कामाला बसले होते, हे या कोरड्या सूचनांमधूनही जाणवते.

काम झाले की नाही हे ओळखायची खूण म्हणजे आवृत्तीचा नवा आकडा: २११२३३०००१, किंवा त्याहून मोठा. जुन्या सवयीने त्याचे तुकडे पाडले की येते ३३ डिसेंबर २०२१.

जुन्या कागदावर कोणत्याच जंत्रीत न बसणारी मिती दिसली की कागद बनावट असल्याची शंका पहिली येते, आणि ती योग्यच असते. इथे तो निकष उलटा लागतो. अशक्य मितीच या नोंदीच्या अस्सलपणाची खूण आहे, कारण दुरुस्ती करणाऱ्यांनी संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी मितीचा अर्थ जाणूनबुजून सोडला. आवृत्ती मागे नेलेली नाही, नव्या क्रमात पुढे नेली आहे, हे निवेदनानेच स्पष्ट केले आणि पुढच्या खुणाही याच क्रमात येत राहतील असे सांगितले. रोज एक याप्रमाणे २११२३३पासून २१४७४८पर्यंत मोजले तर ३५१६ दिवस भरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे अधिक. ३४ डिसेंबर, ३५ डिसेंबर अशी ती मोजणी सुरू होते.