रबराच्या मळ्यातल्या राण्या

झाशीची राणी म्हटलं की घोड्यावरची लक्ष्मीबाई डोळ्यांसमोर येते. आज मी तिच्या नावाच्या पलटणीतल्या बायकांबद्दल बोलणार आहे. यांच्याकडे घोडा नव्हता. यातल्या कितीतरी जणी मळ्यावरच्या मजूर होत्या.

मलाया, म्हणजे आजच्या मलेशियाचा एक भाग. तिथे इंग्रजांच्या काळात रबराचे मोठमोठे मळे होते आणि मजूर नेले होते बहुतेक तमिळ मुलखातून. बाई अंधारात उठायची, झाडाच्या सालीला चीर द्यायची, खाली लावलेल्या वाटीत चीक साठला की बादलीत ओतून वजनाला न्यायची. मजुरी गड्यापेक्षा कमी. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको! मग युद्धात जपान्यांनी मलाया घेतला. रबराचा व्यापार बसला, मळ्यांवर उपासमार आली. हजारो मजुरांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलं, त्यातले बरेच परतलेच नाहीत.

अशा दिवसांत, जुलै १९४३ मध्ये, सुभाषबाबूंनी सिंगापुरात हाक दिली: आझाद हिंद फौजेत बायकांची पलटण हवी. तिच्या प्रमुख झाल्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन. २२ ऑक्टोबरला छावणी सुरू झाली. शिकल्यासवरल्या घरच्या मुली आल्या, तशा मळ्यातल्याही आल्या. यातल्या अनेकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. साडी गेली, खाकी विजार आली. कवायत, बंदूक, संगीन, पाठीवर ओझं घेऊन लांबची चाल. शिवाय हिंदुस्थानी भाषेचे धडे, तेही रोमन लिपीत. आपल्या गटात पहिली सही करताना हात कसा थरथरतो, ते आठवा.

कुणी म्हणतं, मजूर बायका पोटासाठी गेल्या. गेल्या असतीलही. छावणीत जेवण होतं, अंगावर कपडा होता. पण पोटासाठी पलटणीत गेलेला बाप्या आपल्याकडे गावोगाव सापडतो आणि त्याला आपण मानाने फौजी म्हणतो. बाईच्याच भाकरीचा हिशेब का काढायचा? मला तरी हे पटत नाही.

१९४४ मध्ये पलटणीतल्या काही तुकड्या ब्रह्मदेशात गेल्या. इंफाळची लढाई फसली, त्यामुळे आघाडीवर लढायची वेळ आली नाही. याची त्यांना फार चुटपुट होती. मेम्योच्या इस्पितळात त्यांनी जखमी शिपायांची शुश्रूषा केली. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडावं लागलं. पाऊस, चिखल, वरून विमानं. रात्री चालायचं, दिवसा झाडीत लपायचं. सुभाषबाबूही त्यांच्याबरोबर पायी चालले. परतणाऱ्या एका तुकडीवर वाटेत हल्ला झाला, त्यात जोसेफिन आणि स्टेला या दोघी गेल्या.

कॅप्टन लक्ष्मी पुढे कानपुरात गरिबांवर उपचार करत राहिल्या. २००२ मध्ये त्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीलाही उभ्या होत्या. मळ्यातल्या बायका मलायात परतल्या, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं कुठल्याच पुस्तकात आली नाहीत.